घरच्या फोटोंतून चित्रकथा : नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

आईच्या लग्नात मांड्यांची (मांडे म्हणजे पातळ, कुरकुरीत गोड पोळ्या) बुट्टी, म्हणजे टोपली, घरीच राहिली. वऱ्हाडाचा ट्रक बेळगावच्या शहापुरातून सुटून खानापूरच्या वाटेला लागला होता. थोरले मामा घराला कुलूप घालून मागून यायचे होते. सोप्यात, म्हणजे पुढच्या पडवीत, कोपऱ्यात बघतात तर रुखवताची बुट्टी जागच्या जागी! मामांनी ती सायकलच्या कॅरिअरला बांधली आणि सुमारे २६ किलोमीटर पायडल मारत खानापूर गाठलं. साल १९७४. रस्ता कसा होता ते मांड्यांनाच विचारा.

ही गोष्ट आमच्या घरी इतक्या वेळा सांगितली गेलीय की पुण्यातली भाचरंडंही ती मधूनच तोडून पुढचं वाक्य म्हणतात. गेल्या पावसाळ्यात मी तिची आठ पानी चित्रकथा केली, घरच्याच कॉम्प्युटरवर आणि फुकटच्या सॉफ्टवेअरवर. मला चित्र काढता येत नाही. शाळेत माझा हत्ती बघून बाईंनी 'छान टेकडी' असा शेरा दिला होता. तरीही जमलं. कसं जमलं, कुठे फसलं, ते सांगते.

आधी गोष्ट, मग कॉम्प्युटर

नवीन माणूस इथेच घसरतो. अल्बम उघडतो, आवडलेले चाळीस फोटो निवडतो, सगळ्यांना कार्टूनचा फिल्टर लावतो आणि त्यांवर फुगे चिकटवतो. झाला तो सजवलेला अल्बम. चित्रकथेला एक प्रसंग लागतो. काहीतरी बिघडलं पाहिजे, कुणीतरी ते निस्तरायला धावलं पाहिजे. 'आमच्या आजोबांचं आयुष्य' घेऊन बसू नका. 'आजोबांनी बैल विकायला नेला आणि परत घेऊन आले', हे घ्या.

मग कागद घ्या. मी जुन्या कॅलेंडरच्या पानांच्या मागच्या बाजू वापरल्या. प्रत्येक पानासाठी एक चौकट आखायची, तिचे सहा तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्यात काय दिसेल हे काड्यांच्या माणसांनी काढायचं. माझ्या कच्च्या आराखड्यात मामा म्हणजे एक काडी आणि दोन वाटोळी चाकं. तेवढं पुरतं.

आता अडचण बघा. या गोष्टीचे आमच्याकडे फोटो चार. लग्नानंतरचा मोठा ग्रुप फोटो, नव्या सायकलीला हात लावून स्टुडिओत उभे मामा, परड्यात (मागच्या अंगणात) कपबशी घेतलेली आज्जी, आणि तोरण लावलेलं घराचं दार. बुट्टी एकातही नाही. रस्ता नाही. मांडे तर नाहीतच. घरोघरी हेच असतं. फोटो काढतात समारंभाचे, आणि गोष्टी घडतात समारंभाच्या आधी-मागे. म्हणून आराखड्यात प्रत्येक चौकटीपुढे तीनपैकी एक खूण करा : जुना फोटो आहे, नवा काढता येईल, की नुसत्या शब्दांवर भागवायचं. माझ्या पहिल्या पानात सहापैकी दोनच चौकटी जुन्या फोटोंच्या होत्या.

नवे फोटो काढायला लाजू नका. बुट्टी मी रविवार पेठेतून आणली. रस्त्याचा फोटो गणेबैलच्या अलीकडे, मोबाईल टॉवर आणि दिशादर्शक पाट्या चुकवून, खाली बसून काढला. पुढे जो फिल्टर लावणार आहोत त्यात जुना आणि नवा फोटो एकसारखेच खरखरीत होतात, पन्नास वर्षांचं अंतर बुजून जातं. हीच तर या प्रकाराची सगळ्यात मोठी सोय आहे.

फोटो कधीचा आहे?

फोटोची मागची बाजू वाचायला विसरू नका. आपल्या भागात स्टुडिओचा शिक्का बरंच काही सांगून जातो. बेळगाव १९५६ सालच्या राज्य पुनर्रचनेपर्यंत मुंबई राज्यात होतं, त्यानंतर म्हैसूर राज्यात, आणि १ नोव्हेंबर १९७३ पासून त्या राज्याचंच नाव कर्नाटक झालं. शिक्क्यात 'म्हैसूर स्टेट' असेल तर फोटो बहुधा त्या मधल्या सतरा वर्षांतला. सहा आकडी पिन कोड असेल तर तो ऑगस्ट १९७२ नंतरचा, कारण पिन कोडची पद्धत तेव्हा सुरू झाली. मामांच्या सायकलीच्या फोटोमागे 'म्हैसूर स्टेट' निघालं, म्हणजे 'लग्नासाठी नवी सायकल घेतली' ही त्यांची फुशारकी थोडी डळमळीत झाली. अर्थात जुना शिक्का संपल्याशिवाय कोण नवा करून घेतो! म्हणून मी वाद घातला नाही.

हे तपासायचं ते चौकटीतल्या पाट्यांसाठी. शहराचं नाव अधिकृतपणे बेळगावी झालं ते १ नोव्हेंबर २०१४ ला. १९७४ च्या ट्रकवर, दुकानावर, मैलाच्या दगडावर 'बेळगाव'च हवं.

स्कॅनिंग

फोटो पत्त्याएवढा असेल तर ६०० डीपीआयवर (म्हणजे दर इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करा, पोस्टकार्डाएवढा किंवा मोठा असेल तर ३०० पुरे. चार बाय सहा इंचाचा फोटो ६०० वर घेतला की २४०० बाय ३६०० पिक्सेल मिळतात, आणि आपल्या कामाला ते भरपूर झाले. काळापांढरा फोटोसुद्धा रंगीत मोडवरच स्कॅन करा. पिवळे डाग मग नंतर वेगळे काढता येतात. स्कॅनरचं 'आपोआप सुधारणा' वगैरे जे काही असेल ते बंद ठेवा. फाइल टिफ किंवा पीएनजी ठेवा. जेपीजी दर वेळी बदलून सेव्ह केली की थोडी थोडी झिजते.

आपल्याकडच्या पावसात अल्बमला बुरशी धरते, फोटो एकमेकांना चिकटतात. चिकटलेले फोटो ओढून सोडवू नका. चिकट पानांवर पारदर्शक प्लास्टिक असलेल्या अल्बममधला फोटो निघत नसेल तर अख्खं पानच स्कॅनरवर पालथं घाला. प्लास्टिकची चमक स्कॅनरमध्ये फारशी येत नाही, मोबाईलच्या फोटोत मात्र येते.

स्कॅनर नसेल तर मोबाईल चालेल. खिडकीजवळ टेबलावर फोटो सपाट ठेवा, ऊन थेट पडू देऊ नका, फ्लॅश बंद. मोबाईल फोटोला अगदी समांतर धरा, नाहीतर ग्रुप फोटोतली पुढची रांग जाडी आणि मागची रोडकी दिसते. काचेच्या फ्रेममधला फोटो शक्यतो बाहेर काढा. ते देवघराशेजारी लावलेलं चित्र असेल तर आधी घरातल्या मोठ्यांना विचारा, हे सांगायला नकोच.

कॉम्प्युटरवर एक फोल्डर करा आणि त्यात तीन : 'मूळ', 'काम', 'पानं'. 'मूळ'मधल्या फाइलला कधीही हात लावायचा नाही. नावं ०१, ०२ अशी द्या. १, २ दिली की काही प्रोग्रॅममध्ये दहावी फाइल दुसरीच्या आधी येऊन बसते.

सॉफ्टवेअर कोणतं?

मी दोन वापरते. फोटोचं चित्र करायला जिंप, आणि पान मांडायला, फुगे काढायला लिबरऑफिसमधलं ड्रॉ. दोन्ही मोफत, दोन्ही विंडोज आणि लिनक्सवर चालतात. जिंपची ३.० आवृत्ती मार्च २०२५ मध्ये आली. तुमच्याकडे जुनी २.१० असेल तरी खालचं सगळं तिच्यात होतं. ८ जीबी रॅम असेल तर उत्तम. ४ जीबीवरही होतं, फक्त फिल्टर लावून चहा ठेवून यावं लागतं. चित्रकथांसाठीच केलेली विकतची सॉफ्टवेअर आहेत, पण पहिल्या आठ पानांसाठी पैसे घालू नका.

ऑनलाइन एआयला फोटो देऊन कार्टून करून घ्यायचा मोह होईल. मी करून पाहिलं. आज्जी सुंदर आली, पण ती आमची आज्जी नव्हती. नाक सरळ केलं, नथ दुसऱ्या बाजूला नेली. शिवाय घरच्या सगळ्यांचे चेहरे कुणाच्या तरी सर्व्हरवर कशाला पाठवायचे?

फोटोचं चित्र करणं

या टप्प्याला मला सगळ्यात जास्त वेळ लागला, म्हणून सावकाश सांगते.

जिंपमध्ये फोटो उघडा आणि लगेच 'काम' फोल्डरमध्ये एक्ससीएफ म्हणून सेव्ह करा. ही जिंपची स्वतःची फाइल, तिच्यात थर (एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक कागदांसारखे चित्राचे भाग) शाबूत राहतात. यापुढे दर पाच मिनिटांनी कंट्रोल आणि एस. आमच्या गल्लीत लाईट कधी जाते ते लाईटलाही ठाऊक नसतं.

पहिलं काम मळ काढायचं. कलर्स मेनूत लेव्हल्स उघडा. तिथे डोंगरासारखा आलेख दिसेल. डावीकडचा काळा त्रिकोण डोंगर सुरू होतो तिथपर्यंत आणि उजवीकडचा पांढरा त्रिकोण संपतो तिथपर्यंत सरकवा. विटलेला फोटो एकदम जागा होतो. काळ्यापांढऱ्या फोटोचा पिवळेपणा डीसॅच्युरेटने जातो. घडीच्या रेषा आणि पांढरे ठिपके हील टूलने पुसा. कंट्रोल दाबून शेजारच्या चांगल्या जागेवर क्लिक करा, मग ठिपक्यावर ब्रश फिरवा. सगळे ठिपके पुसत बसू नका, पुढे निम्मे आपोआप बुजतात. चेहऱ्यावरचे तेवढे पुसा.

आता फोटो लहान करा. ही पायरी मी पहिल्यांदा गाळली आणि दोन दिवस वाया घालवले. फिल्टरच्या सगळ्या मोजमापांचा हिशेब पिक्सेलमध्ये असतो. ३६०० पिक्सेलच्या फोटोवर छान दिसलेली काळी रेघ छापील चौकटीत उतरली की केसाएवढी होते. म्हणून चौकट केवढी छापायची ते आधी ठरवा आणि फोटो त्या मापाला आणून मगच फिल्टर लावा. माझं पान ए-५ म्हणजे १४८ बाय २१० मिलिमीटरचं. चारी बाजूंना ८ मिलिमीटर समास, चौकटींमध्ये ४ मिलिमीटर फट. म्हणजे दोन चौकटी शेजारी शेजारी असतील तर प्रत्येकी ६४ मिलिमीटर रुंद, आणि एका पानात तीन ओळी बसवल्या की उंची ६२. ३०० डीपीआयने ६४ मिलिमीटर म्हणजे सुमारे ७५६ पिक्सेल, पूर्ण रुंदीची चौकट सुमारे १५६०. थोडं कापायला राहावं म्हणून मी ९०० आणि १८०० ठेवते.

त्यानंतर थराची प्रत काढा. एकावर एक दोन थर झाले. खालच्या थरावर रंगांचे सपाट पट्टे करायचे, वरच्यातून काळ्या रेघा काढायच्या.

खालच्या थराला आधी हलका गॉशियन ब्लर द्या, दोन-तीन पिक्सेलचा. हे उलटं वाटेल, चांगला फोटो धूसर कशाला करायचा? पण जुन्या फोटोच्या कागदाला रवाळपणा असतो. ब्लर न देता पुढची पायरी केली की तो रवा ठिपक्याठिपक्यांनी उठतो आणि माणसाला देवी आल्यासारख्या दिसतात. ब्लरनंतर कलर्स मेनूतलं पोस्टराइज. किती छटा ठेवायच्या तो आकडा ते विचारतं. तीन ठेवल्या तर चित्र जोरदार येतं, पण आज्जीच्या चेहऱ्यावरचं कुंकू आणि नथ दोन्ही कपाळ-गालाच्या छटेत बुडाली. चार केल्यावर नथ आली. पाचवर कुंकू उमटलं. सहावर पुन्हा साधा फोटो वाटायला लागला. मी पाचवर थांबले. तुमचा आकडा वेगळा असेल, पण तो ठरवताना भिंत बघू नका, चेहरा बघा.

वरच्या थराला फिल्टर्समध्ये आर्टिस्टिक, त्यात फोटोकॉपी लावा. झेरॉक्ससारख्या काळ्या रेघा मिळतात. मग थरांच्या खिडकीत वर मोड असतो तो नॉर्मलवरून मल्टिप्लाय करा. मल्टिप्लायमध्ये पांढरं नाहीसं होतं, काळं राहतं, त्यामुळे रेघा खालच्या छटांवर बसतात. एवढी खटपट नको असेल तर तिथेच कार्टून नावाचा फिल्टर आहे, तो एका दमात रेघा उठवतो. त्यात मास्क रेडियस म्हणजे रेघेचा पसारा आणि परसेंट ब्लॅक म्हणजे काळ्याचं प्रमाण. सावळ्या चेहऱ्यावर हे प्रमाण चढलं की मिशी आणि ओठ एक होतात. ग्रुप फोटोत आमच्या अर्ध्या पाहुण्यांना दाढ्या आल्या होत्या. उपाय सोपा. त्या थराला लेयर मास्क जोडा, पांढरा निवडा, आणि चेहऱ्यावर मऊ काळा ब्रश फिरवा. मास्कवर काळं लावलं की थर तिथे झाकला जातो, पांढरं लावलं की पुन्हा दिसतो. काही खोडलं जात नाही, चुकलं तर मागे येता येतं.

वर्तमानपत्री ठिपके हवे असतील तर न्यूजप्रिंट नावाचा फिल्टर आहे. आकाश, भिंत, रस्ता यांवर तो झकास दिसतो. माणसांवर लावू नका.

सायकल रस्त्यावर कशी आणली?

मामा स्टुडिओत उभे होते, फिकट पडद्यापुढे. त्यांना रस्त्यावर आणायचं होतं. मी आधी फ्री सिलेक्ट टूलने सायकलची कड कापायला बसले. चाकातल्या पहिल्या बारा काड्यांनंतर शुद्धीवर आले. मग सुचलं ते मल्टिप्लायच. पडदा फिकट आहे, लेव्हल्समध्ये पांढरा त्रिकोण आणखी आत ओढून तो पुरता पांढरा केला, आणि सायकलचा थर रस्त्याच्या थरावर मल्टिप्लाय मोडमध्ये ठेवला. पडदा गायब, काड्यांमधून रस्ता दिसतोय. फक्त मामांच्या पांढऱ्या शर्टातूनही रस्ता दिसायला लागला! त्यासाठी दोन्हींच्या मध्ये एक रिकामा थर घालून शर्टाच्या आणि चेहऱ्याच्या आकाराचं पांढरं रंगवलं. काम पाच मिनिटांचं. उभा माणूस सायकल चालवतोय असं काही दाखवता येत नाही, म्हणून त्या चौकटीत मामा सायकल हातात धरून चढ चढताहेत असं केलं. मामांना विचारलं तर म्हणाले, "खरंच तिथं उतरलो होतो की गा."

रंग किती? मी सगळं काळंपांढरं ठेवलं आणि एकच लाल वापरला. आज्जीचं कुंकू लाल आणि बुट्टीवर बांधलेलं कापड लाल. त्यामुळे दर चौकटीत डोळा आधी बुट्टी शोधतो. रंग नेहमी नव्या, वेगळ्या थरावर, मल्टिप्लाय मोडमध्ये भरा. त्याचा उपयोग पुढे कळेल.

चित्र झालं की एक्ससीएफ ठेवून द्या आणि एक्सपोर्ट करून पीएनजी काढा.

पान मांडणं

ड्रॉ उघडा, पानाचा आकार ए-५ उभा करा, समास ८ मिलिमीटर. पीएनजी आत घ्या, उजवं क्लिक करून क्रॉप निवडा आणि कडा ओढून चौकटीपुरता भाग ठेवा. नेमकी मापं हवी असतील तर चित्र निवडून एफ-४ दाबा. तिथे रुंदी, उंची, जागा सगळं आकड्यात घालता येतं. नजरेनं जुळवत बसू नका. दोन चौकटींत अर्ध्या मिलिमीटरचा फरक पडला तरी छापल्यावर खुपतो. प्रत्येक चित्रावर तेवढ्याच मापाचा, आत रंग नसलेला, एक पॉइंट काळ्या रेघेचा आयत ठेवा.

सहा सारख्या चौकटींचं पान शिस्तीचं असतं, पण आठही पानं तशी नकोत. सायकल निघते तिथे मी पूर्ण रुंदीची चौकट दिली. बुट्टी उघडते ते पान अख्खं एकाच चित्राचं ठेवलं. घाई दाखवायची असेल तर चौकटी अरुंद आणि जास्त.

फुगे आणि बोली

ड्रॉमध्ये कॉलआउट नावाच्या आकारांत संवादाचे फुगे तयार मिळतात. फुगा काढला की त्यावर एक पिवळा ठिपका दिसतो. तो ओढला की शेपूट वळतं. शेपूट तोंडाकडे जावं, तोंडावर टेकू नये. आधी बोलणाऱ्याचा फुगा डावीकडे वर, उत्तर देणाऱ्याचा उजवीकडे थोडा खाली. यासाठी चित्रातली माणसं चुकीच्या बाजूंना असतील तर फोटो आरशासारखा उलटा करण्याचा मोह टाळा. नथ उजवीकडे जाते, पदर दुसऱ्या खांद्यावर येतो आणि घरातल्या बायका पहिल्या नजरेत पकडतात.

देवनागरी टाइप करायला विंडोजमध्ये मराठी भाषा जोडली की फोनेटिक कीबोर्ड मिळतो. लिबरऑफिसमध्ये टूल्स, ऑप्शन्स, लँग्वेजेस इथे जाऊन कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट (देवनागरीसारख्या लिप्यांची सोय) चालू करा आणि भाषा मराठी ठेवा. ते केलं नाही तर फॉन्ट बदलूनही अक्षर बदलत नाही आणि माणूस कॉम्प्युटरला शिव्या देत बसतो. फॉन्ट युनिकोडच हवा. गूगल फॉन्ट्सवर मोफत मिळणाऱ्यांत कलम हा हातानं लिहिल्यासारखा आहे, तो संवादाला चांगला. बालू गुबगुबीत आहे, तो आवाजांना आणि शीर्षकाला. बालूचं कन्नड भावंडही आहे, बालू तम्मा, म्हणजे कन्नड लिपीत एखादी पाटी दाखवायची असेल तर जोडी जमते.

अक्षरांमधली जागा वाढवू नका, शिरोरेघ तुटते. ओळींमधली मात्र वाढवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत अडकतो. १० पॉइंटच्या खाली जाऊ नका, आणि वाचणारे मामांच्या वयाचे असतील तर १२. एका फुग्यात बारा-पंधरा शब्द झाले की बस.

आता फुग्यात लिहायचं काय? घाटाखाली कुडाळजवळ पिंगुळीला ठाकरांची चित्रकथी आहे. एकेक चित्र समोर धरायचं आणि रामायण-महाभारतातली कथा गाऊन सांगायची. तिथे चित्रात जे दिसतं तेच पुन्हा सांगत बसले तर लोक उठून जातील. आपलंही तसंच. चित्रात बुट्टी दिसत असताना वर 'ही पहा बुट्टी' लिहू नका.

आणि भाषा घरची ठेवा. माझ्या पहिल्या मसुद्यात मामा म्हणत होते, "अरेरे, मांड्यांची टोपली इथेच राहिली!" असं बोलणारा माणूस आमच्या सात पिढ्यांत नाही. मामांना फोन लावला, पुन्हा गोष्ट सांगायला लावली आणि रेकॉर्ड केली. आता फुग्यात आहे : "बुट्टी सोप्यातच ऱ्हायली की गा!" शेवटी मंडपात आज्जी विचारते, "पोचली का बुट्टी?" त्यावर मामा : "बुट्टी पोचली, खरं मांडे ऱ्हायले नाहीत." हा 'खरं' म्हणजे आपला 'पण'. पुण्याच्या भाच्याने विचारलं, खरं म्हणजे काय खरं? तळाशी टीप मी दिली नाही. दुसऱ्यांदा वाचल्यावर त्यालाच उमगलं.

वाटेत मामा एका दुकानात पाणी प्यायला थांबले होते. दुकानदार कन्नड बोलणारा. "बर्री, बर्री! बुट्ट्याग एनैत्री?" मामा म्हणाले, "मंडिगे!" ही चौकट कशी लिहायची यावर घरात दोन दिवस खल झाला. मराठीत भाषांतर केलं तर दुकान खानापूरच्या रस्त्यावरचं राहत नाही. कन्नड लिपीत ठेवलं तर पुण्या-मुंबईची मुलं अडखळतात. शेवटी कन्नड शब्द देवनागरीत ठेवले. बुट्टी दोन्हीकडे बुट्टीच आणि पुढे मंडिगे आलं की मांडे कळतातच, अर्थ आपोआप लागतो. तुमच्या घरात आज्जी बाजारात कन्नड आणि चुलीपाशी मराठी बोलत असेल तर फुग्यातही तशीच बोलू द्या.

आवाज मराठीच घाला. सायकल खड्ड्यात आदळली की 'खडाड्', घंटी 'टिणिंग', आणि बुट्टीच्या आतून बारीक अक्षरात 'चुर्र'. ते 'चुर्र' मी चार चौकटींत दर वेळी थोडं मोठं करत नेलं. अख्ख्या पुस्तिकेत मला स्वतःला आवडलेली तेवढी एकच करामत.

छपाई

ड्रॉमधून पीडीएफ काढा. फॉन्ट त्यात बसून जातात. दुकानात उघडी फाइल देऊ नका, त्यांच्या मशीनवर तुमचा फॉन्ट नसतो आणि जोडाक्षरं सुटी होऊन बाहेर पडतात. पानांची संख्या चारच्या पटीत ठेवा. आठ पानं म्हणजे ए-४ चे दोन कागद दोन्ही बाजूंनी, मध्ये दुमडून दोन टाचण्या. घरच्या प्रिंटरवर छापायचं असेल तर प्रिंटच्या खिडकीत ब्रोशर हा पर्याय आहे, तो पानांचा क्रम लावून देतो. कागद आखूड बाजूने उलटायचा. आधी एकच प्रत काळ्यापांढऱ्यात काढून बघा. व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवलं की ते दाबून लहान करतं आणि फुगे वाचता येत नाहीत.

छापण्याआधी ज्यांचे चेहरे आहेत त्यांना दाखवा. जे हयात नाहीत त्यांच्या मुलांना दाखवा. आमच्या ग्रुप फोटोतल्या एका काकूंना त्या फोटोत असणंच नको होतं. का ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. त्यांच्या जागी तोरणाची झालर आली.

शेवटच्या पानावर सगळे पंगतीत बसून मांड्यांचा चुरा दुधात घालून खाताहेत. तसेही मांडे दुधात कुस्करूनच खातात, त्यामुळे मामांनी अर्धं काम वाटेतच उरकलं होतं असं आज्जीचं म्हणणं. पहिली प्रत मामांच्या हातात दिली. चष्मा लावून त्यांनी आठही पानं दोनदा उलटली. मग बुट्टीवर बोट ठेवून म्हणाले, "कापड हिरवं होतं."

लाल रंग वेगळ्या थरावर होता. तो थर निवडून लॉक अल्फा चालू केलं, म्हणजे रंग आहे तेवढ्याच जागेत नवा रंग बसतो, आणि हिरवा ओतला. अकरा चौकटी, वीस मिनिटं. दुसरी प्रत मावशीकडे गेली. ती म्हणते लालच होतं, कापड तिच्याच परकराचं होतं. दोन्ही पीडीएफ ठेवून दिल्या आहेत.